चारशे वेळा

नाशिकच्या एका कंपनीकडे किडनीसाठी थांबलेल्या रुग्णांची वेबसाइट होती. कुणाचा नंबर कितवा, ते तिथे दिसायचं. साइट सारखी अडकायला लागली, तेव्हा तिथल्या ललितने तिच्या दारात मिडलवेअरचा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तपासणाऱ्या प्रोग्रामचा, नवा पहारेकरी बसवला. त्याला ना चहा लागायचा, ना सुट्टी. सेटिंगमध्ये ललितने हुकूम लिहिला: एकाच फोनवरून दिवसात पन्नासपेक्षा जास्त वेळा कुणी आलं, तर ते यंत्र समजावं आणि बाहेर काढावं.

"सर, पण तो माणूस असला तर?" ज्युनिअर सृष्टीने विचारलं.

"अगं, एक फोन रोज चारशे वेळा तेच पान उघडतोय. माणसाला जेवण, झोप, काही असतं की नाही?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी साइट पळायला लागली. साहेबांनी सगळ्यांना मिसळ मागवली.

पहिला घास घेतानाच ओझरहून ललितच्या आईचा फोन आला.



"अरे, सकाळपासून तुझ्या अण्णांचा नंबर दिसेना. आता मी कुठं बघू? पान म्हणतंय, मी माणूसच नाय."