धुळ्याचा खेळ

पडद्यावरची ती छोटी मुलगी खिदळत टेकडी उतरू लागली आणि अभयकुमार दचकून खुर्चीत ताठ बसला. हे आत्ता कसं? हे तर अगदी शेवटी यायला हवं होतं. अजून तर ती मेलीसुद्धा नव्हती.

परग्रहावर राहायला गेलेल्या माणसांच्या या इंग्रजी सिनेमावर त्याने केवढा लेख लिहिला होता! काळ इथे उलटा फिरतो, मेलेलं लेकरू बापाला पुन्हा भेटतं, असं ठासून लिहिलं होतं. दिवाळी अंकाच्या वाचकांनी लेख डोक्यावर घेतला. आणि घरात प्रेमकुंवरने, त्याच्या बायकोने, तो उशाशी ठेवला. त्यांची लेक चंदन विषमज्वराने गेल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. वर्षही सरलं नव्हतं. पण तोच सिनेमा धुळ्याला लागल्याचं कळताच ‘मला ते बघायचंय’ म्हणत, माहेरचं निमित्त काढून, सासूशी खोटं बोलून ती आज जळगावहून धुळ्याला आली होती.

आता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने सिनेमा पाहिला तेव्हा जळगावात एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये फिरत होती. सायकलवरून जे रीळ आधी पोचेल, ते लावून ऑपरेटर मोकळा. इंग्रजी कळत होतं कुणाला? पब्लिकने हूं की चूं केलं नाही, आणि या शहाण्याने त्यावर तत्त्वज्ञान रचलं.

“डोकं दुखतंय माझं,” तो कुजबुजला. “चल, निघू.”

“तुम्ही बसा हो बाहेर,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “मी येते बघून.”

त्याच्याने उठवेना. खरं सांगायला जीभ रेटेना. पडद्यावर मुलगी तापाने फणफणली, गेली. बापाने तिला तिथल्याच मातीत पुरलं आणि तो एकटा यानात चढला. जळगावात इथेच रीळ थांबवून मध्यंतर केलं होतं. आज त्यावर ‘दी एंड’ अशी पांढरी अक्षरं आली आणि दिवे लागले. लोक खुर्च्या आपटत दाराकडे निघाले.

प्रेमकुंवर हलली नाही. बाहेर पडणाऱ्या एका बाईला तिने पाय आखडून वाट दिली. अभयकुमार उठू लागला तसा त्याचा हात धरून तिने त्याला खाली बसवलं.

“बसा,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहिलंय ना? यायचीय ती अजून.”