सात जणांनी सांगितलेला चेहरा

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या. गोष्ट लहान आहे, पण मन लावून ऐकायची आहे.

मुखवटेवाला दुकानाच्या दारात उभा राहून दूधवाल्याला विचारत होता, "बोल, यंदाची राक्षसीण कशी दिसते?"

दूधवाल्यानं कॅन खाली ठेवला, माडीकडे नजर टाकली आणि आवाज बारीक केला. "नाक लांब करा काका. टोकाला जरासं वाकडं."

नाटकघरात दर वर्षी तेच नाटक व्हायचं. पाण्यात विष कालवणारी राक्षसीण, आणि तिला हाकलून देणारं गाव. राजाचा, प्रधानाचा मुखवटा जुनाच चाले. राक्षसिणीचा तेवढा नवा. त्याची रीत वडिलांपासून आलेली. राक्षसीण आपल्या मनानं घडवायची नाही. सात जणांना विचारायचं, एकेकाकडून एकेक खूण घ्यायची, आणि सांगितलेलं बदलायचं नाही. "लगदा आपला, चेहरा लोकांचा," वडील म्हणत.

यंदा टाकीचं पाणी बिघडलं होतं. अकरा मुलं तापानं फणफणली होती. आणि मुखवटेवाल्याच्या माडीवर चार महिन्यांपूर्वी एक शिवणवाली भाड्यानं राहायला आली होती. एकटी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाणी उकळल्याशिवाय तोंडाला लावायची नाही.

"उकळते म्हणजे त्यात काय आहे ते तिला ठाऊक असणार," टाकीचा रखवालदार सांगत फिरत होता. मुखवटेवाल्याला तो म्हणाला, "नाटक संपलं की आम्ही वर जाणार. जिन्याचं दार उघडं ठेवा काका. नाही ठेवलंत, तर तुम्हीही तिच्यातलेच."

मुखवटेवाला भला माणूस. पायाखाली मुंगी आली तर थबकणारा. पण संशयानं त्यालाही सोडलं नाही. वर शिवणयंत्र थांबलं की त्याचे कान टवकारायचे. आता काय करत असेल ही? किटलीचं झाकण वाजलं की हातातला ब्रश थांबायचा.

सात जणांना विचारून झालं. शेवटचा तीळ रंगवून तो दोन पावलं मागे सरला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. समोर शिवणवालीच होती. सात माणसं वेगवेगळ्या वेळी आली, एकमेकांना न विचारता बोलली, आणि चेहरा एकच निघाला. मग खोटं कसं असेल? त्यानं जिन्याच्या दाराची कडी काढून ठेवली.

नाटकाच्या दिवशी दुपारी ती खाली आली. राक्षसिणीचा काळा झगा तिच्याकडेच शिवायला दिला होता. झगा टेबलावर ठेवताना तिची नजर मुखवट्यावर गेली. ती दचकते का, हे मुखवटेवाला टक लावून पाहत होता.

"नाक छान जमलंय," ती म्हणाली. "तीळ मात्र माझा उजवीकडे आहे."

तो ब्रश पुसू लागला. "लोकांनी सांगितलं तसं केलं."

"मीही लोकांना सांगितलं होतं. टाकीचं झाकण फुटलंय म्हणून. रखवालदाराला दोनदा सांगितलं." तिनं भिंतीवरच्या जुन्या मुखवट्यांकडे पाहिलं. "ही कोण?"

"गुरं मेली, त्या वर्षीची."

"आणि ही?"

"आग लागली तेव्हाची."

"वर्षं नकोत दादा. बायका कोण होत्या, ते सांगा."

बायका कसल्या, राक्षसिणी, असं तो म्हणणार, तोच त्याला आठवलं. गुरं मेली त्या वर्षी औषधी मुळ्या विकणारी म्हातारी गाव सोडून गेली होती. तिचेच ते खोल डोळे. आगीनंतर भट्टीवाल्याची विधवा दिसेनाशी झाली होती. तिचेच ते पुढे आलेले दात. दोन्ही मुखवटे त्याच्याच हातचे होते.

शिवणवाली वर गेली. त्यानं नवा मुखवटा पायाखाली घेतला आणि चिरडला.

पण पडदा उघडायला दोन तास उरले होते, आणि लगदा सुकायला चार दिवस लागतात. कोपऱ्यात सगळ्यात वर एक मुखवटा होता. वडिलांच्या हातचा. तापाची साथ आली त्या वर्षीचा. तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याची आई त्याच साथीत गेली, असं वडील सांगत. त्या मुखवट्याला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही, तो जाळूही दिला नाही. त्रेपन्न वर्षांपूर्वीचं तोंड. आता कोण ओळखणार? त्यानं धूळ पुसून तोच नटाच्या हवाली केला, जिन्याच्या दाराला कुलूप घातलं आणि नाटकघरात जाऊन मागे उभा राहिला.

राक्षसीण मंचावर आली. पहिल्या रांगेत रखवालदार बाह्या सरसावून बसला होता. शेजारी त्याची आजी, गावची सगळ्यात म्हातारी सुईण. ती काठी टेकत उठली.

"थांबवा ते."

"आजी, बस खाली. नाटक आहे," रखवालदार म्हणाला.

"तू गप्प बस. मुखवटेवाला कुठेय? पोरा, ही तुझी आई आहे रे."

म्हातारीनं काठी मंचाकडे रोखली.

"साथीत नाही गेली ती. आम्ही सात जणांनी तुझ्या बापाला एकेक खूण सांगितली. आपलीच बायको, तरी रीत काही त्यानं मोडली नाही. नाटक संपल्यावर आम्ही तिला पुलापलीकडे घालवलं. थंडीत, अंगावरच्या कपड्यांनिशी. ताप त्यानंतरही दोन महिने होता." म्हातारीनं श्वास घेतला. "डोळे मी सांगितले होते."

त्या संध्याकाळी माडीवर कुणी गेलं नाही. मुखवटेवाला म्हातारीपाशी आला, तिच्या पायाशी बसला आणि त्यानं फक्त आईचं नाव विचारलं. नाक कुणी सांगितलं, हनुवटी कुणी, कपाळ कुणी, सातही जण म्हातारीला आठवत होते. नाव तेवढं आठवेना.

आता उठाल, घरी जाल. देवाचं नाव घ्याल, तेव्हा तिलाही आठवा. तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.