लाकडी घंटा

किन्शासातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात भुंकणारं कुत्रं चालणार नव्हतं. म्हणून इलोंगाच्या म्हाताऱ्या बापानं रानातल्या जातीचं, न भुंकणारं तांबूस कुत्रं निवडलं. आणल्या आणल्या त्याच्या गळ्यात आपल्या शिकारीच्या दिवसांतली लाकडी घंटा बांधली.

इलोंगाला हसू आलं. "पापा, दोन खोल्यांत कुत्रं हरवेल होय?"

"कुत्रं कुठं हरवतं गं, वेडे? रानात धुकं उतरलं की आम्हीच या आवाजामागून घरी यायचो."

कुत्रं खिडकीकडे निघालं. टुक टुक, टुक टुक. म्हातारा भिंतीला बोटं लावत, झोपेत चालल्यासारखा त्या आवाजामागून गेला.

भर दुपारच्या लख्ख उन्हात इलोंगाला बापाच्या डोळ्यांतलं धुकं दिसलं.