शेंड्यावरचे सुरवंट

परसातल्या उंच झाडावर सुरवंटांचा सुळसुळाट झाला, तेव्हा यांनी शिडी लावून जाळी धरलेल्या फांद्या छाटून टाकल्या. झाड स्वच्छ झालं, तरी रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी शिडीवर! “शेंड्याला अजून आहेत,” म्हणायचे आणि तासभर उतरायचे नाहीत. सुरवंटांसाठी कोणी भांग पाडतं का? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

आज हे दुकानात गेले, तशी मी पदर खोचून शिडी चढले. मागच्या गल्लीतल्या एका गच्चीत तान्ह्याला मांडीवर घेऊन आमची लेक बसली होती. तीच, जिचं नावही या घरात काढायचं नाही, असं यांनी बजावलं होतं.



खालून यांचा दबका आवाज आला, “बाळ जागं आहे का गं?”