मधुवंतीचा शिक्का

पांढरकवड्यात तीस वर्षं मी घरांचे नकाशे काढले, पण डिग्री नाही म्हणून इंजिनिअरचा परवाना नाही. तो मिळाला मधुवंतीला. तिला सळई मोजायला मीच शिकवलेलं. तिच्या शिक्क्याशिवाय माझा नकाशा नगरपरिषद घेत नाही. तो शिक्का दिसला की पोटात दुखतं. म्हणून आज नकाशात गॅलरीच्या स्लॅबमधली वरची सळई मी मुद्दाम खाली दाखवली. अशी गॅलरी माणसांसकट पडते. तिनं शिक्का मारला की गावभर सांगणार होतो, पोरीला काही येत नाही. मधुवंतीनं नकाशा उलगडून नजर फिरवली, शिक्का उचलला. "तपासून नाही राह्यली?" मी विचारलं. "तुमचं काम कायले तपासू, काका?" शिक्का कागदावर टेकला. तो भरवसा मला सोसवेना. "थांब, चुकलं," म्हणत मी नकाशा ओढला. शिक्क्याची जागा कोरीच होती. "गॅलरीची सळई वर घ्या, मंग शाई लावते."