सैल मुखवटा

घशाच्या कॅन्सरवर किरणं सोडणारं नवं मशीन केसभर चुकत नाही. फक्त काकांनी हलायचं नाही. म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर बेतलेला जाळीचा मुखवटा घालून टेबलाला जखडतात. गेल्या आठवड्यात तो सैल पडला. “काका, गाल बसलेत तुमचे. आणखी वाळलात तर उपचार थांबवून नवा मुखवटा बेतावा लागेल,” टेक्निशियन ताईनं बजावलं. खंड पडला की गाठीचं फावणार. मग काकूंनी दुधात अंडं घोटून चमच्याचमच्यानं भरवलं. काका चवीला, चमच्याला, झालंच तर सासुरवाडीलाही नावं ठेवत गिळत राहिले. आज काकू बाहेर थर्मास कवटाळून बसल्या होत्या. ताईनं दारातून डोकावून सांगितलं, “काकू, काकांची कुरकुर चाललीय.” “आता काय झालं?” “मुखवटा गालांना रुततोय म्हणे.” “रुतू दे चांगला,” म्हणत काकूंनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पुढची वाटी भरायला घेतली.