पांढराशुभ्र स्पंज

काचेच्या नळीतलं माशाच्या टाकीचं पाणी तपासणीच्या थेंबांनी पिवळं व्हायला हवं होतं. थेंब टाकताच ते हिरवंगार झालं. चष्मेवाल्याने नळी खिडकीशी धरली, स्वतःचा चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. रंग काही बदलला नाही.

"परत विष!" तो म्हणाला. "अगं, कालच तर अर्धं पाणी बदललं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभी होती. टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं होतं. लेकीचा पैलवान, तळहाताएवढा सोनेरी मासा, पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होता. शिकायला परगावी जाताना लेकीने तो बाबांच्या हवाली केला होता आणि उद्या सकाळी ती सुट्टीला येणार होती. माशाची बायकोला दया येत होती. नवऱ्याची मुळीच नाही. कितीतरी दिवसांनी चहा इतका गोड लागत होता.

चष्मेवाल्याने शोभेच्या माशांच्या दुकानात फोन लावला. हात ओले होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"साहेब, टाकीच्या गाळणीतला स्पंज धुतलात का?" दुकानदाराने विचारलं.

"धुतला म्हणजे काय! काळाकुट्ट झाला होता. उकळत्या पाण्यातून तीनदा काढला. आता पांढराशुभ्र आहे."

"अरेरे! अहो, ती घाण नव्हती. पाण्यातलं विष खाणारे जीव होते त्यात. वर्षानुवर्षं जमलेले. ते तुम्ही मारलेत. आता एखाद्या जुन्या टाकीतला मळका स्पंज आणा आणि आजच्या आज बसवा. माझ्याकडे एक होता, पण सकाळीच एक बाई घेऊन गेल्या."

चष्मेवाल्याने फोन बंद केला. मागे वळून पाहायचं धाडस त्याला होईना.

बायकोने कप खाली ठेवला. रविवारी त्याला शीळ घालत स्पंज धुताना पाहिलं, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. पण हे त्याला परक्याच्या तोंडून ऐकू द्यायचं होतं. तिने ओट्याखालची बरणी काढली. आत दुकानातल्या टाकीच्या काळ्या पाण्यात तो सकाळीच आणलेला मळका स्पंज बुडलेला होता.

बरणी चष्मेवाल्याने ओळखली. न ओळखून करतो काय? चार महिन्यांपूर्वी तिच्यात बायकोचं खमीर होतं, तिच्या आईने दिलेलं. बावीस वर्षं रोज पीठ आणि पाणी घालून तिने ते जगवलं होतं आणि त्यावर गल्लीभर पाव पुरवले होते. ती दोन दिवस बहिणीकडे गेली, तेवढ्यात याने ते सडकं समजून मोरीत ओतलं. वर बरणी आरशासारखी घासून कौतुकाने तिलाच दाखवली.

"दे इकडे," चष्मेवाला हात पुढे करून म्हणाला.

ती सिंककडे गेली. तिने नळ पूर्ण सोडला आणि बरणीचं झाकण काढलं. चिखलाचा वास घरभर पसरला.

"फेकून देऊ का हे?"

"अगं, काय करतेस!"

"विचारतेय. मला कुणी विचारलं नव्हतं. सडकंय का हे?"

"उद्या ती येणार आहे गं."

"ठाऊक आहे मला. सडकंय का?"

पैलवान एका कुशीवर कलला आणि धडपडून सरळ झाला.

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

"मग काय आहे?"

"जिवंत आहे."

"आणि ते?"

नळ वाहत होता. दुकानात दिवसभर लोकांना डोळे तपासायच्या तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस डोळे बारीक करून समोरच्या बरणीत बघत होता.

"तेही जिवंतच होतं," तो अखेर म्हणाला. "मी मारलं."

तिने नळ बंद केला. चार महिने रोज कणीक मळताना तिने हेच वाक्य मनातल्या मनात त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं. काळजात थंडावा आला, पण मनासारखा नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. याला आता कुठे जेमतेम चटका बसला होता.

त्याने खणातून रबरी हातमोजे काढले.

"नुसत्या हाताने," ती म्हणाली.

त्याने मोजे ठेवून दिले. बाही वर करून स्पंज टाकीत धरला आणि पिळला. काळे लोट पाण्यात सुटले. नखांत काळं गेलं, शर्टावर शिंतोडे उडाले. त्याने तोंड वाकडं केलं नाही. स्पंज त्याने गाळणीत बसवला. पैलवान त्या काळ्या ढगात शिरला, दिसेनासा झाला आणि जरा वेळाने दुसऱ्या बाजूने बाहेर आला. पोहत होता.

चष्मेवाल्याने रिकामी बरणी उचलली. तळाशी काळं वर्तुळ उरलं होतं.

"ही धुऊ का?" त्याने विचारलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. काही धुण्याआधी त्याने असं पहिल्यांदाच विचारलं.

"नको."

तिने त्याच्या हातातून बरणी घेतली आणि त्याच्या काचेच्या कपाटात, लखलखीत पेल्यांच्या रांगेत, बरोबर मधोमध ठेवली. तो रोज सकाळी ज्या खुर्चीवर बसायचा, तिच्या समोर.

चष्मेवाल्याचा हात आपोआप खिशात गेला, काचा पुसायच्या मऊ फडक्याकडे.

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

हात खिशातच राहिला.